ताळा न जुळणाऱ्या तबकड्या

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माळा झाडताना पन्नास तबकड्यांचा एक गोल प्लास्टिकचा डबा हाती लागला. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या घरी संगणक असे त्याच्या घरी असा एक डबा हटकून असे. मधल्या दांडीवर ओवलेल्या कोऱ्या सीडी एकेक करून उतरत जात, आणि भरलेल्या सीडी, त्यांच्यावर काळ्या पेनाने काहीबाही खरडून, त्याच दांडीवर पुन्हा चढत. आमच्या डब्यातील एका तबकडीवर माझ्याच अक्षरात ‘दादांची पत्रे, २००६’ असे लिहिलेले होते. दादा म्हणजे माझे वडील. नोकरीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना त्यांनी आईला धाडलेली एकशे चाळीस पत्रे मी त्या वर्षी स्कॅनरवर पानापानाने उतरवून या तबकडीवर चढवली होती, आणि आता ती कायमची जतन झाली अशा समाधानात मूळ पत्रांची पेटी जिथे ठेवू नये नेमकी तिथे, म्हणजे गळक्या कौलांखाली, ठेवून दिली होती. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्या पेटीचे जे व्हायचे ते झाले, आणि नक्कल म्हणून केलेली तबकडी माझ्या नकळत अस्सल होऊन बसली.

तबकडी आत घातली तेव्हा यादी ओळीने दिसली, आणि एकशे सतरा पत्रे विनातक्रार हार्डडिस्कवर उतरलीही. एकशे अठराव्या पत्रापाशी मात्र ड्राइव्हचा आवाज बदलला. चढावर अडलेल्या बैलासारखा तो जोर घेई, थांबे, मागे सरे, पुन्हा जोर घेई, आणि अखेर पडद्यावर ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा शेरा मारून त्याने काम टाकून दिले. हा शेरा लग्नाच्या डीव्हीडीची प्रत काढताना किंवा जुने फोटो नव्या संगणकावर घेताना पुष्कळांच्या नजरेखालून गेला असेल. परंतु त्याचा अर्थ पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, ‘सीडी गेली’ असा निकाल देऊन मोकळे होतात. वास्तविक तो अर्थ आमच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांना चटकन उमगला असता. गुणाकार पुरा झाल्यावर नवाचा ताळा पाहून उत्तर पडताळण्याची जी रीत ते आम्हाला छडीच्या साहाय्याने शिकवीत, त्याच जातीची ही व्यवस्था आहे. मजकूर लिहिताना त्या मजकुरावरून काढलेले काही आकडे त्याच्यासोबत लिहिले जातात, वाचताना तेच गणित पुन्हा मांडले जाते, आणि दोन्ही उत्तरे जुळली नाहीत की यंत्र हात वर करते. तेव्हा शेऱ्याचे सरळ मराठी एवढेच, की ताळा जुळत नाही. यंत्राला काहीच वाचता आले नाही असा त्याचा अर्थ होत नाही. जे वाचले ते खरे असल्याची हमी घेण्यास ते तयार नाही, इतकाच होतो.

नवाचा ताळा चूक झाल्याचे सांगतो, चूक कुठे झाली ते सांगत नाही. तबकडीवरचे गणित याच्या एक पाऊल पुढे जाते, कारण ते चूक शोधून दुरुस्तही करते. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली संकेतपद्धती फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या सीडीत वापरली गेली, आणि ध्वनीच्या दर २४ बाइटांमागे ८ बाइट केवळ रक्षणासाठी खर्ची घालण्यात आले. शिवाय एका गटाचे बाइट एका जागी न ठेवता लांबवर पांगवून लिहिण्याची योजना केली. पूर्वी दरोड्याच्या वाटेवरून प्रवास करणारे कुटुंब आपले दागिने एकाच पेटीत न ठेवता थोडे थोडे प्रत्येकाच्या गाठोड्यात बांधीत असे. एखादे गाठोडे गेले तरी घर बुडत नसे. त्याच हिशेबाने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर सलग नष्ट झाला तरी सीडी तो पूर्ववत उभा करू शकते. फाइली ठेवण्याच्या सीडीत याच्यावर आणखी एक कडे आहे. प्रत्येक सेक्टरमध्ये मजकूर २,०४८ बाइटांचा, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी वेगळे २७६ बाइट.

ही दुरुस्ती मूकपणे चालते, आणि माझी तक्रार नेमकी त्या मूकपणाविषयी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदाला कसर लागली तर भोक डोळ्यांना दिसते. रुमाल सोडणाऱ्या माणसाला कागदाची प्रकृती हाताच्या स्पर्शानेच कळते, आणि कोणत्या बाडाची नक्कल आधी करून घ्यावी हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा कागद जीर्ण होते, पण ते आपले जीर्णत्व लपवीत नव्हते. तबकडी लपवते. तिच्यावरचा रंग वर्षानुवर्षे विटत जातो, वाचनातल्या चुका दहाच्या शंभर आणि शंभराच्या हजार होतात, ड्राइव्ह त्या सगळ्या सावरून घेतो, आणि मालकाला फोटो पूर्वीइतकेच स्वच्छ दिसत असल्यामुळे सर्व कुशल असल्याचा भ्रम होतो. मग एके दिवशी चुकांचे ओझे दुरुस्तीच्या शक्तीपलीकडे जाते, आणि काल हसतमुखाने दारात उभा असलेला शेजारी आज अतिदक्षता विभागात असल्याचे ऐकावे, तसा तो शेरा पडद्यावर उमटतो.

हा रंग म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. दुकानातून विकत आणलेल्या चित्रपटाच्या तबकडीत साच्याने दाबून उठवलेले खळगे असतात. घरी लिहिलेल्या तबकडीत असे खळगे नसतात, तिच्यात एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो, आणि लेखनाच्या वेळी लेझरच्या उष्णतेने त्या थरावर डाग पाडले जातात. जो रंग प्रकाशाच्या एका किरणाने बदलावा म्हणूनच निवडला, तो खिडकीतून येणाऱ्या उन्हाने किंवा पत्र्याखालच्या उकाड्याने बदलणार नाही, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपण जपतो ती सीडीची चकचकीत बाजू, कारण लेझर तिकडून आत शिरतो. परंतु सीडीचा रंग आणि त्यामागचा धातूचा आरसा हे दोन्ही नाव लिहायच्या बाजूला, लाखेच्या एका पातळ लेपाखाली असतात. खालच्या बाजूचा ओरखडा सव्वा मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकवर पडतो आणि बहुधा घासून काढता येतो; वरच्या बाजूचा ओरखडा मजकूरच खरवडून नेतो, आणि त्याला औषध नाही. टोकदार बॉलपेनने वर नाव लिहिणारा, किंवा चिकट लेबल लावून ते पुढे सोलून काढणारा गृहस्थ, आपल्याच दस्तऐवजावर नांगर फिरवीत असतो. डीव्हीडीत मजकुराचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्यामुळे या बाबतीत ती अधिक सुरक्षित. मात्र तिच्यात दुरुस्तीचा हिशेब १६ सेक्टरांच्या गटाने होतो, त्यामुळे एक गट हातचा गेला की ३२ किलोबाइट एकदम जातात.

आता शेरा उमटल्यावर काय करावे, हे मी चुकत माकत शिकलो. सर्वांत आधी तबकडी उजेडाकडे धरून पाहावी. आरशाला टाचणीएवढी भोके पडलेली दिसली तर त्या जागेपुरती आशा सोडावी. मग कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून तिला धुवावे, आणि मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत टिपावे. ताट पुसावे तसे गोल फिरवून पुसण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण मजकूर चक्राकार ओळीत लिहिलेला असतो. आडवा ओरखडा प्रत्येक ओळीतले थोडेथोडे खातो आणि गणित ते भरून काढते, पण ओळीच्या दिशेने पडलेला ओरखडा एकाच ओळीचा लांबलचक तुकडा गिळतो. टूथपेस्टने घासण्याचा उपाय आमच्या गल्लीत फार लोकप्रिय होता. तो अगदीच खोटा नाही, कारण पेस्टमधील बारीक कण प्लास्टिकला झिलई देतात. पण तो प्रथमोपचार नव्हे, आणि जे उतरवता येते ते उतरवून घेण्यापूर्वी तर मुळीच करू नये.

त्यानंतर ड्राइव्ह बदलावा. या एका उपायाने जितक्या तबकड्या पुन्हा बोलत्या होतात तितक्या बाकी सर्व उपाय मिळून होत नसतील, असे माझे मत बनले आहे. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. एकाचे भिंग धुळीने अंधुक झालेले असते, दुसऱ्याचा लेझर थकलेला असतो, लॅपटॉपला यूएसबीने जोडायच्या सडपातळ ड्राइव्हला कधी पुरेशी वीजच मिळत नाही, तर दहा वर्षे धूळ खात पडलेल्या जुन्या डेस्कटॉपमधला जाडजूड ड्राइव्ह तोच मजकूर सुरळीत वाचून दाखवतो. ज्या ड्राइव्हने तबकडी लिहिली तो अजून जिवंत असेल तर त्याला प्रथम विचारावे. शक्य असल्यास वेगही कमी करावा, कारण ५२ पट वेगाचा ड्राइव्ह तबकडीला मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे देतो, आणि त्या गतीत किंचित वाकलेली चकती थरथरू लागते. मजकूर आतून बाहेर लिहिला जात असल्याने शेवटच्या फाइली कडेजवळ येतात. तिथेच बोटे लागतात, तिथेच थरथर सर्वांत जास्त आणि तिथेच थर सुटू लागतात. आमची एकशे सतरा पत्रे सुखरूप आली आणि पुढची अडली, याचे कारण हेच. तबकडी काठोकाठ भरण्याचा माझा काटकसरीपणा मलाच नडला.

कधी तबकडी धडधाकट असते आणि तरी फाइली दिसत नाहीत. लिहून झाल्यावर ती बंद, म्हणजे फायनलाइज, करायची राहून गेलेली असते, किंवा दुसऱ्या खेपेस लिहिताना आधीची यादी जोडून घेतलेली नसते, आणि मग पहिल्या खेपेच्या फाइली जागच्या जागी असूनही नव्या यादीत त्यांचा उल्लेख नसतो. आयसोबस्टरसारखे प्रोग्रॅम जुनी यादी शोधून काढतात. फेरफार नोंदीत नाव चढायचे राहिले म्हणून जमीन कुठे जात नाही, तसाच हा प्रकार.

खरा अडथळा पुष्कळदा तबकडीपेक्षा संगणकाच्या कारकुनी वृत्तीचा असतो. नेहमीच्या पद्धतीने कॉपी करू गेल्यास विंडोज एका फाइलीतला दोन किलोबाइटांचा एक सेक्टर वाचता आला नाही म्हणून ती सबंध फाइल टाकून देते. सातशे मेगाबाइटांच्या लग्नाच्या चित्रफितीत एक क्षण बिघडला तर मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंत सारे नामंजूर. अर्जावर शाईचा एक डाग पडला म्हणून अर्ज परत करणारा कारकून आपण पाहिला आहे. हा त्याचाच भाऊबंद. याउलट डीडीरेस्क्यू नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे, तो वेगळ्या रीतीने वागतो. फाइलींकडे न पाहता तो संपूर्ण तबकडी सेक्टरवार उतरवू लागतो, अडचणीची जागा आली की तिथे डोके न आपटता पुढे जातो, सोपे ते आधी पदरात पाडून घेतो, आणि मग वगळलेल्या जागांकडे वळून त्या कडांनी कुरतडत लहान करीत नेतो. कोणते सेक्टर मिळाले आणि कोणते राहिले, याची तो एका मॅपफाइलीत नोंद ठेवतो. ही नोंद हातात असली की तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेल्या जागा विचारता येतात, आणि एकाच मजकुराच्या दोन सारख्या तबकड्या असल्या तर एकीचे दोष दुसरीने भरून काढता येतात. चिकाटी म्हणजे काय, हे मी त्या प्रोग्रॅमकडे पाहत बसलो असताना मला उमगले; एका सेक्टरसाठी तो अर्धा अर्धा तास दार ठोठावीत असे.

तीन ड्राइव्ह आणि दोन रात्री खर्ची पडल्यावर एकशे चाळीसपैकी एकशे सदतीस पत्रे अखंड निघाली. उरलेल्या तीन पत्रांत मिळून अकरा सेक्टर, म्हणजे २२,५२८ बाइट, कोणालाच वाचता आले नाहीत. जागा वाचावी म्हणून मी ती पाने जेपीजीमध्ये आवळून ठेवली नसती, तर तेवढ्याने पानावरच्या पाचसहा बारीक रेघा पुसल्या गेल्या असत्या. पण आवळलेल्या चित्रात मधला दुवा तुटला की पुढचे सगळे बिघडते, म्हणून तिन्ही पत्रांचा खालचा भाग करड्या पट्ट्यांत बुडाला आहे. झिपमध्ये बांधली असती तर याहूनही वाईट झाले असते, हे समाधान मानायचे तर मानावे.

माझी तीन पत्रे ही काही वर्तमानपत्रात मांडायची बाब नव्हे. मांडतो ते यासाठी, की मी केले तेच आपल्या संस्थांनी फार मोठ्या प्रमाणावर केले आहे. अभियांत्रिकीच्या प्रकल्प अहवालाच्या मागच्या पुठ्ठ्यात चिकटवलेली सीडी ज्या ग्रंथालयांत फडताळेच्या फडताळे भरून पडली आहे, इस्पितळांतून एमआरआयची छायाचित्रे ज्या चकतीवर घरोघर गेली आहेत, कचेऱ्यांत टिपणीसोबत सुतळीने बांधलेल्या ज्या पाकिटात ‘सोबत : सीडी १’ एवढीच नोंद आहे, तिथे वार्षिक मोजदाद होते ती चकत्यांची. चकती जागेवर आहे, दाखल आहे, क्रमांक बरोबर आहे. ती वाचता येते काय, हा रकाना नोंदवहीत नसतो. धान्याच्या कोठारात पोती मोजून कोणी मामलेदार परत जात नसे, तो बांबी खुपसून दाणा पाहत असे. येथे पोती मोजून वरून शिक्का मारला जातो.

न्यायालयांत तर या चकत्यांवर माणसांचे हक्क टांगलेले असतात. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रीकरणाच्या सीडी हाच वादाचा केंद्रबिंदू झाला, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर अशा नकलेसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे. नक्कल अस्सलाबरहुकूम आहे काय, ही चिंता न्यायालयाने योग्यच वाहिली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात याच्या पुढे जाऊन हॅश, म्हणजे संपूर्ण फाइलीवरून काढलेला एक आकडा, नमूद करण्याची तरतूद केली आहे. हा आकडा म्हणजे दुसरेतिसरे काही नसून ताळाच. एक बाइट बदलला तरी तो बदलतो.

जी दक्षता आपण पुराव्यासाठी कायद्याने बंधनकारक केली, ती ज्ञानासाठी आणि स्मृतीसाठी ऐच्छिक का ठेवावी, हे मला कळत नाही. प्रत्येक ग्रंथालयाने, महाविद्यालयाने आणि तालुका कचेरीने आपल्या तबकड्या, त्या अजून वाचता येताहेत तोवर, हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात; प्रत्येक फाइलीचा हॅश काढून यादीत लिहावा; दोन प्रती दोन इमारतींत ठेवाव्यात; आणि दरसाल मोजदादीच्या वेळी चकत्या न मोजता ताळा पडताळावा. यावर खर्च किती, असे विचारले जाईल. दोन टेराबाइटांच्या एका हार्डडिस्कवर काठोकाठ भरलेल्या अडीच हजारांहून अधिक सीडी मावतात. खर्च वस्तूचा फारसा नाही. एका माणसाला एका टेबलाशी सहा महिने बसवून चकत्यामागून चकती घालायला लावण्याचा आहे, आणि या कामाचे उद्घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही, म्हणून ते होत नाही, अशी माझी खात्री आहे. स्कॅनिंगचा प्रकल्प घोषित होतो. स्कॅन केलेले वाचता येते काय हे पाहण्याचा प्रकल्प घोषित झालेला मी ऐकला नाही.

शिवाय वेळही फारसा उरलेला नाही, आणि तो केवळ तबकड्यांचा नव्हे. एके काळी नोएडाची मोझर बेअर ही कोऱ्या तबकड्या करणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. नव्या लॅपटॉपांना ड्राइव्ह नसतोच. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अजून मिळतो, पण दुकानदार तो आतून, वरच्या फळीवरून, खुर्चीवर चढून काढतो. चकती निरोगी असूनही तिला विचारणारा कोणी उरला नाही, असा दिवस येण्याआधी हे काम झाले पाहिजे.

डब्यातल्या बाकीच्या तबकड्या मी गेल्या महिन्यात उतरवून घेतल्या. निम्म्यांवर जुने प्रोग्रॅम आणि गाणी होती. त्या पुतण्याने दोऱ्यात ओवून सज्जात कबुतरांसाठी टांगल्या आहेत, आणि दुपारी त्यांचे इंद्रधनुष्य भिंतीवर फिरत असते. पत्रांची तबकडी त्यालाही हवी होती. ती मी दिली नाही. मॅपफाइल जपून ठेवली आहे, आणि भंगारवाल्याकडे २००५ च्या सुमाराचा एक जाडजूड ड्राइव्ह येऊन पडल्याचे परवा कळले आहे. येत्या रविवारी तो आणून त्याला फक्त त्या अकरा सेक्टरांविषयी विचारायचे आहे.